हरणी ज्याच्यामागे धावली

मी एक जुना ससा आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या पोटात भाताचा पेंढा आहे आणि कानांच्या जागी चामड्याचे तुकडे आहेत, तरी जव्हारच्या माळावर माझ्याइतका दुसरा कोणता ससा धावला नसेल. आता मी मेहबूबच्या घरात खुंटीला टांगलेला असतो. अंगात काही त्राण उरलेले नाही.

मला मेहबूबनेच शिवले. तो संस्थानच्या शिकारखान्यात कुत्री सांभाळायचा. कोणत्या जातीचे कुत्रे जास्त वेगाने पळते, यावर तिथे सदा वाद चालायचे, आणि ते मिटवण्यासाठी माझा जन्म झाला. माझ्या गळ्यात लांब दोर बांधत. माळाच्या दुसऱ्या टोकाला खोडाळ्याचा जिव्या एक मोठे चाक घेऊन बसे. त्याने चाक फिरवले की दोर गुंडाळला जाई, मी दगडांवर आपटत त्याच्याकडे ओढला जाई आणि मागून कुत्री सुटत.

विलायती ग्रेहाउंड डोळ्याचे पाते लवते न लवते तोच माझ्या शेपटीशी यायचा. पण अर्ध्या माळात त्याची छाती भात्यासारखी हलू लागायची आणि कातळावर त्याचे पंजे सोलवटायचे. रामपुरी जोरकस होता, मात्र शेजारच्याशी भांडण उकरून काढण्यात त्याचा निम्मा वेळ जाई. लांब केसांच्या पश्मीच्या अंगात कुसळे अडकली, की तो शर्यत विसरून ती दातांनी काढत बसे. कारवान जातीची हरणी नावाची कुत्री आधी मागे राहायची; पण दगडधोंड्यांतही तिची ढांग आखडत नसे. शेवटी मला दात लागत ते तिचेच.

मी या सगळ्याला पार विटलो होतो. तीच फरफट, तेच चावे, तेच टाके. एकदा हरणीने माझे पोट फाडले, आतला पेंढा हुंगला आणि तोंड फिरवले. त्यानंतर ती माझ्यामागे कधी धावलीच नाही. बाकीची कुत्री सुटली तरी ती मेहबूबच्या पायाशी बसून राहायची. खरे सांगतो, मला ती फार आवडू लागली.

मग संस्थान विलीन झाले आणि शिकारखाना बंद करायचे ठरले. कुत्री कोणी मागितली तर द्यायची, नाहीतर रानात सोडायची. सूर्यमाळच्या रानात तेव्हा बिबळे होते. मेहबूबने हरणीला घरी नेले असते, पण त्याच्या घरी माणसांनाच नागलीची भाकरी पुरत नव्हती. अशात नाशिककडचे एक शिकारीचे शौकीन साहेब जीप घेऊन आले. त्यांना एकच कुत्रे हवे होते, सगळ्यांत वेगवान.

कुत्री सुटली. हरणी जागची हलली नाही.

"ही तर आळशी दिसते," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, हीच सगळ्यात जास्त पळती," मेहबूबने हात जोडले. "एक डाव अजून बघा. मेहरबानी होईल."

जिव्या चाक सोडून जवळ आला. "मेहबूबभाई, ससा खोटा हाय ह्ये तिला कळलाय. ती नाय पळायची."

मेहबूबने खांद्यावरचा रुमाल काढला. हरणी पिल्लू असताना त्याच रुमालात झोपायची. त्याने तो माझ्याभोवती घट्ट गुंडाळला आणि गाठ मारली.

"नको रं भाई," जिव्या म्हणाला. "आता पळंल आणि जाईल."

"जाऊ दे. जगंल तरी."

जिव्या चाकाकडे परतला आणि हरणीला साहेबांच्या ड्रायव्हरच्या हाती देऊन मेहबूब करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसला. तो दिसत असता, तर ती हलली नसती.

मित्रांनो, तसे धावणे मी पुन्हा पाहिले नाही. ग्रेहाउंड कुठल्या कुठे मागे पडला. चाकापर्यंत पोहोचायच्या आतच हरणीने मला गाठले. मी सवयीने दातांची वाट पाहत होतो. तिने चावा घेतलाच नाही. रुमालावर हनुवटी टेकून ती धापा टाकत राहिली आणि तिची शेपटी हलत होती.

साहेब खूश झाले. तिला जीपमध्ये चढवायलाही मीच कामी आलो. मला आत धरले, तिने उडी मारली, आणि मला बाहेर फेकून फाळका लावला. जीप वळणाआड जाईपर्यंत तिचे केकाटणे ऐकू येत होते. जाळीमागून मेहबूब मात्र बराच वेळ बाहेर आला नाही.

आता तो बाजारात चपला शिवतो. "हे भूस कशाला ठेवलंय? उंदीर होतात," असे नूरबी, त्याची बायको, अधूनमधून म्हणते. तो म्हणतो, "राहू दे." कधी घरात कोणी नसले की तो मला खाली काढतो आणि माझ्याभोवतीचा न धुतलेला रुमाल नाकाशी धरतो.

मित्रांनो, मुक्या जिवाला आपल्या वासाची सवय लावायची असेल, तर शेवटपर्यंत सांभाळण्याची तयारी आधी करा. नाइलाज मेहबूबलाही होता, हे मी जाणतो. पण जीपमध्ये बसलेल्या हरणीला ते कोण समजावणार होते?

मी धावून धावून फार थकलो आहे. तरी कोणी मला दोर बांधून नाशिकच्या रस्त्यावर नेऊन ठेवले, तर मी आणखी एकदा धावेन. तिकडून इकडे, या दारापर्यंत. फक्त हा रुमाल सोडू नका.