तेलाचा काटा

सूर्यभानने बांधाच्या चढावर मध्येच बुलडोझर थांबवला, पातं जमिनीला टेकवलं आणि इंजिन बंद केलं. खाली कडुनिंबाच्या सावलीत बसलेले ठेकेदार महादेवराव उठून उभे राहिले.

"काहून थांबला रे?"

"तेलाचा काटा पडला जी. पार शून्यावर आला."

"इंजिन तर मस्त चालून राहिलं होतं. आवाज ऐकला ना म्या."

"आवाज मलेही चांगलाच वाटला. पण काटा पडला."

बुलडोझर लढाईच्या काळातला, लष्कराच्या लिलावात घेतलेला. मागच्या साली शेंदूरजनाघाटच्या आसपास संत्र्यांच्या बागांसाठी त्याने कितीतरी जमीन सपाट केली होती, तेव्हा हा काटा कधी पडला नव्हता. आता नाल्यावर बांध चालला होता. दोन्हीकडून भर माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि मधलं खिंडार तेवढं उरलं होतं. ते पावसाआधी बुजलं नसतं, तर पहिल्याच पुराने सगळी माती नेली असती.

महादेवराव चढून वर आले. त्यांनी काचेतला, तेलाचा दाब दाखवणारा काटा पाहिला.

"मीटर बिघडलं. काढून टाक आन् चालव."

सूर्यभान खाली उतरला. चिंधीला हात पुसत तो म्हणाला, "मी नाई चालवत जी. तेल पोचत नसन तर इंजिन जाम होईन. मंग बांध कोन करन?"

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. पण हा माणूस कामाला कधी नाही म्हणाला नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच पान्हा घेऊन मीटर सोडवलं, रुमालात बांधलं आणि जीप काढली.

अकोल्याला जठारपेठेत जमुनाबाईंचं लहानसं दुकान होतं. त्यांचे यजमान जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरांची मीटरं तपासत. ते गेल्यावर जमुनाबाई त्यांच्या जागी बसल्या. सुरुवातीला कारखान्यांचे मॅनेजर दारातूनच परत जात. पुढे तेच लोक आपली मीटरं दुसऱ्या कोणाच्या हाती देईनासे झाले.

टेबलावर तेलाचा एक हातपंप होता. त्याला दोन तोंडं. एकावर त्यांचं भरवशाचं मीटर कायम बसवलेलं असे. दुसऱ्यावर त्यांनी महादेवरावांचं बसवलं आणि दांडा दाबला. दोन्ही काटे बरोबरीने चढले. दांडा सोडला, तसे बरोबरीने उतरले.

"हे बरोबर आहे."

"बाई, नीट पाहा."

जमुनाबाईंनी पंप त्यांच्याकडे सरकवला. "तुमीच दाबा."

महादेवरावांनी दाबून पाहिलं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "असं करा, काटा आतून असा बसवून द्या का तो पडलाच नाई पायजे. डायव्हर भेते, बाकी काई नाई."

जमुनाबाईंनी मीटर पुसलं, त्यांच्याच रुमालात पुन्हा बांधलं आणि समोर ठेवलं.

"ते काम मी करत नाई."

महादेवराव उठले. पायरीवर पोचले तेव्हा मागून प्रश्न आला.

"काटा पडते कुठी? सपाटीवर, का चढावर?"

ते थांबले. हे त्यांनी सूर्यभानला विचारलंच नव्हतं.

"मले नाई ठाऊक."

"डायव्हरले ठाऊक असन. मले त्याच्याजवळ नेता का?"

जमुनाबाईंनी पंपावरचं आपलं मीटर काढून पिशवीत टाकलं आणि दुकानाला कुलूप लागलं.

बांधावर पोचल्यावर जमुनाबाई सरळ सूर्यभानकडे गेल्या.

"चढावरच पडते बाई," तो म्हणाला. "नाक वर झालं का पडते. सपाटीवर आलं का आपोआप उभा राह्यते."

"उतारावर?"

"उतारावर नाई पडत."

त्यांनी महादेवरावांचं मीटर जागेवर बसवून घेतलं आणि शेजारी आपलं जोडलं. मग पदर कमरेला खोचून त्या बुलडोझरवर चढल्या, सीटच्या बाजूला दांडा धरून उभ्या राहिल्या. बांधावरच्या मजूर बाया टोपल्या खाली ठेवून बघत राहिल्या. यंत्र गरजलं, चढाला लागलं. महादेवराव बाजूने चालत होते. दोन्ही काटे थरथरले आणि एकाच वेळी खाली घसरले.

"बंद कर! बंद कर रे!" महादेवरावच ओरडले.

आवाज थांबला. जमुनाबाई म्हणाल्या, "मीटर खरं बोलते. पुढचं मले नाई समजत, मशीन तुमचं आहे."

सूर्यभान इंजिनच्या पोटाकडे पाहत होता. "तेल आहे. नाक वर झालं का ते मागं पळत असन. ओढनारी नळी पोचत नसन तिथवर."

त्याने यंत्र सपाटीवर आणलं, तेल काढलं, तेलाचं खालचं पात्र सोडवलं. नळी कधीतरी तुटली होती आणि कोणीतरी ती आखूडच सांधून दिली होती. सपाटीवर ती तेलात बुडे. चढावर तिच्या तोंडात नुसती हवा जाई. सूर्यभानने आत हात घालून एका बेअरिंगवरून नख फिरवलं.

"आता कुठी ओरखडे पडाले लागले," तो म्हणाला. "अजून चालवलं असतं तर गेलंच होतं."

महादेवरावांनीही वाकून तिथे बोट फिरवलं.

वरुडहून वेल्डर आला. त्याने नळी लांबवून दिली. दुसऱ्या दिवशी बुलडोझर तळापासून माथ्यापर्यंत एका दमात चढला. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर सूर्यभान मोठ्याने हसला आणि खालच्या बायाही हसू लागल्या. महादेवरावांनी चहाचा पेला भरला, चढ चढून वर नेला आणि सूर्यभानला सीटवर बसल्या जागी दिला. तो उठू लागला, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

यंत्र चढताना पाहायला मुक्कामी थांबलेल्या जमुनाबाईंना अमरावतीच्या स्टँडवर सोडायला महादेवराव निघाले. मोर्शीच्या अलीकडे सडकेवर त्यांचा दुसरा बुलडोझर होता, त्याच लिलावातला. जेवणाची वेळ होती. ड्रायव्हर गोवर्धन बाभळीखाली भाकर खात होता. जीप पाहून तो लगबगीने उठला.

"कसं आहे रे मशीन?"

"एक नंबर जी. याची चिंताच नाई. काटा कवा हालतच नाई याचा."

महादेवराव खूश होऊन जीपकडे वळले. "पाह्यलं बाई? हे एक तरी शहाणं निघालं."

जमुनाबाईंनी यंत्राकडे पाहिलं.

महादेवराव मग स्वतःच यंत्रावर चढले. काचेत तेलाचा काटा वर, भरल्या दाबावर ठाम उभा होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. इंजिन बंद होतं, सडकेवर शांत होतं. बाभळीतल्या होल्याचं घुमणं तेवढं ऐकू येत होतं.

"गोवर्धन, मशीन चालू करू नको."

"काहून जी?"

महादेवरावांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा एकदा मारली.