फक्कीचं गाव

सरकारचं काहीही असो, आधी अंगणवाडी. पोलिओचे डोस असोत, मतदारयादी असो, गावात म्हशी किती आणि संडास किती याची मोजणी असो, धाव योगिता. त्यामुळे नगरपंचायतीनं निंबथडीच्या नगररचनेचा सुवर्णमहोत्सव काढला, तेव्हा मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पोती माझ्याच गळ्यात येणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

आमची जुनी निंबथडी गंगेच्या काठाला होती. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. पन्नास वर्षांमागं खाली धरण झालं, गाव पाण्यात गेलं आणि दोन कोस अलीकडं माळावर नवी निंबथडी वसली. कुण्या इंजिनिअरनं पट्टी लावून आखली होती म्हणे. सरळ रस्ते, चौकोनी चौक, प्रत्येक घराला सारखी जागा. त्या काळी गेवराईपर्यंतचे लोक बघायला यायचे. आता निम्म्या रस्त्यावर टपऱ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यावर अर्जुनरावांचे बॅनर. अर्जुनराव आमचे नगराध्यक्ष. बॅनरवर लिहिलं होतं, ‘काल, आज आणि उद्याचं शहर’. बस थांबेस्तोवर गाव ओलांडून होतं, तरी शहर!

पहिल्या दिवशी भाषणं झाली, दुसऱ्या दिवशी पोरांची चित्रं. तिसऱ्या दिवसाची कल्पना खास अर्जुनरावांची, ‘जिवंत नकाशा’. शाळेच्या मैदानावर फक्कीनं दोन गावं आखायची. खालच्या अंगाला जुनं, वरच्या अंगाला नवं. घराघरातल्या माणसांनी आधी आपल्या जुन्या घरात उभं राहायचं, शिट्टी वाजली की, तेव्हा देव बैलगाड्यातून पुढं नेला होता तसं, मारुतीच्या गाड्यामागं चालत नव्या घरात यायचं, आणि वरून ड्रोन फोटो काढणार. पन्नास वर्षांपूर्वी जे रडत केलं ते आता टाळ्या वाजवत करायचं. शेवटी उद्याच्या शहराचा नवा आराखडा उघडणार होते, आणि आमच्या घरातलं भांडण नेमकं त्या आराखड्यावरून होतं.

माझ्या सासऱ्यांचं नाव सिदू. गाव उठलं तेव्हा पंचवीसेक वर्षांचे असतील. घरादाराची लाकडं उचकटून न्यायची असा तेव्हा सगळ्यांचाच खटाटोप होता. “तुमी व्हा पुढं, मी चौकट काढून येतो,” असं म्हणून ते मागं राहिले. त्या रात्री पाणी चढलं. सकाळी वाट बुडाली होती. त्यांचं काहीच सापडलं नाही. पुढं कोणी सांगायचं कारखान्यावर दिसला, कोणी सांगायचं नाशकात ट्रक चालवतो. माझी सासू बायनाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या वीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर दीड वर्षाचा बजरंग. तो बजरंग म्हणजे माझा नवरा.

माणूस नाहीसा झाला की बारा वर्षं वाट बघून दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दिवस घालतात. आत्यांनी नाही करू दिलं. आज सत्तरीतही कपाळभर कुंकू लावतात. सासऱ्यांच्या नावानं मिळालेली कोपऱ्यावरची जागा आमच्या घराशेजारी मोकळीच आहे. तिथं आत्या रोज सकाळी सडा घालतात, रांगोळी काढतात. माणूस नाही, घर नाही, पण उंबऱ्याच्या जागी रांगोळी. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या जागेवरून जायची भीती वाटायची. मग सवय झाली. सवय कशाचीही होते.

नव्या आराखड्यात त्या कोपऱ्यावर मोठा चौक होता. बदल्यात हमरस्त्याला दोन गाळ्यांची जागा मिळणार होती. बजरंग आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडत आला होता, त्याला ती जागा हवी होती. आणि त्यासाठी आत्यांनी अधिकाऱ्यासमोर एवढंच म्हणायचं होतं, की आमचा माणूस गेला.

“मी पाह्यलं न्हाई त्यान्ला जाताना,” आत्या म्हणायच्या. “न पाहता कसं म्हनू?”

“माय, पन्नास साल झाले!” बजरंग ओरडायचा. “मला बाप आठवत न्हाई, आन तू मला त्याच्या रांगोळीवरून चालू देत न्हाईस.”

दोघंही खरं बोलत होते, म्हणून मला मध्ये पडता येत नव्हतं. 

तर फक्की. जुन्या गावाचा नकाशा कुणाकडं नव्हता, म्हणून म्हातारी माणसं मैदानात आणून बसवली. सुरुवातीला वेस कुठं होती यावरूनच नुसता कालवा. “येस हितं न्हाई बे, हितं.” “तुझ्या बापानं पाह्यली हुती का येस?” मी आखायची, पायानं पुसायची, परत आखायची. दुपार कलली तशी त्यांची भांडणं कमी झाली आणि बोलणंही कमी झालं. मग मला एक गोष्ट दिसली. ही माणसं आता रेषा ओलांडत नव्हती. पाण्याचा जार दहा पावलांवर होता, तर धोंडीरामबाबा कुंभारगल्लीतून वळून, पाराला वळसा घालून जारपाशी गेले. परत येऊन आपल्या चौकोनात शिरताना त्यांनी मान खाली घातली. दार ठेंगणं होतं ना त्यांचं. मी हसले. माझ्याबरोबर कुणीच हसलं नाही.

आत्या काही आल्या नव्हत्या. आमचं घर मी धोंडीरामबाबांच्या सांगण्यावरून आखलं, नदीच्या अंगाचं शेवटचं. घाईत दार सोडायचं राहून गेलं. चारी बाजूंनी बंद चौकोन काढला आणि फाटकाला कुलूप लावून घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर सगळं गाव जसंच्या तसं. वेस, पार, गल्ल्या, एक रेघ हललेली नाही. फक्त आमच्या चौकोनाची नदीकडची रेघ मध्येच नव्हती. विस्कटलेली नव्हती, पुसलेली नव्हती. दाराएवढी जागा तेवढी कोरी. मी मुलांना भुतं नसतात हे तक्ता लावून शिकवते. कुत्रं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि रेघ भरायला फक्की हातात घेतली.

“ऱ्हाऊ दे,” मागून आवाज आला. आत्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. “दार हाय ते.”

“आत्या, दार इकडं होतं?”

“हितंच. हितंच चौकट काढत हुते.” त्या रेषेच्या बाहेर उभ्या राहिल्या आणि आत बघत राहिल्या, घरात कोणी झोपलेलं असलं की आपण बघतो तसं. मग मला न विचारताच सांगायला लागल्या. पंचवीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं मी, पण हे कधी ऐकलं नव्हतं.

“देवाच्या गाड्यामागं निघालो तवा म्हाताऱ्यांनी सांगितलं, मागं वळून बघायचं न्हाई, देव टेकस्तोवर. आन नदीकडून कुनी हाक मारली तर तीन हाका झाल्याबिगर ओ द्याची न्हाई, भूत तिसरी हाक मारत न्हाई म्हनं. येशीच्या भाईर आलो आन ह्येंची हाक आली. बायना. मी चालले. आनखी एक आली. मी पाय हळू केले, तिसरीची वाट पाह्यली. आलीच न्हाई.”

“आत्या...”

“चौकट अंगावर पडली आसंल का गं? का नुस्तंच सांगायचं आसंल कायतरी? मी आजून तिसरी हाक आयकाया कान लावून हाय पोरी. मेले कसं म्हनू?”

मला रडू आलं आणि रागही आला. त्या म्हाताऱ्यांचा, त्यांच्या नेमांचा, आणि मेलेल्या माणसांवर रागावता येत नाही याचा.

उन्हं उतरल्यावर गाव जमलं. अर्जुनराव फेटा बांधून माईकपाशी. गाडा कुठला आता, ट्रॅक्टर होता, झेंडूच्या माळा घालून सजवलेला, वर मारुतीची तसबीर. लोक हसत, एकमेकांना ढकलत आले. वेशीतून आत शिरले आणि हसणं थांबलं. माईकवरचा निवेदक म्हणत होता, “बोला, मनमोकळ्या गप्पा मारा, जुन्या आठवणी सांगा!” आपापल्या चौकोनात माणसं खालच्या आवाजात बोलत होती. वैशाखाचं कोरडं ठक्क मैदान, आणि मला ओल्या गाळाचा वास येत होता. बजरंगला विचारलं तर तो म्हणाला, “तुलाबी येतोय?”

तो आणि आत्या आमच्या चौकोनात उभे होते. आत्या एका बाजूला सरून उभ्या होत्या. सगळा चौकोन मोकळा असून बजरंगही नकळत दुसऱ्या बाजूला सरला होता. मधली जागा त्यांनी कोणासाठी सोडली ते दोघांनाही विचारायची माझी छाती झाली नाही.

शिट्टी वाजली. ट्रॅक्टर हलला. वर ड्रोनची भुणभुण. लोक वेशीतून बाहेर पडू लागले, आणि कोणी सांगितलेलं नसताना म्हाताऱ्यांच्या माना पुढं ताठ झाल्या. एकजणही मागं बघत नव्हता. आमची गल्ली शेवटची, म्हणून आत्या आणि बजरंग सगळ्यांच्या मागं. मी कडेनं चालत होते.

वेस ओलांडली आणि दोन गावांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात आत्या थांबल्या. बजरंगचा हात त्यांनी सोडवला आणि मागं वळल्या.

“बायना, मागं नगं बघू!” धोंडीरामबाबा पाठमोरेच ओरडले.

आत्यांनी बघितलं. रिकाम्या फक्कीच्या गावाकडं तोंड करून, पोटातून आवाज काढून हाक मारली, “सिदू!”

नवऱ्याचं नाव आत्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. बजरंगनंही नाही. जन्मभर ‘हे’ आणि ‘ते’ म्हणणारी बाई शेजारच्या पोराला बोलवावं तशी नवऱ्याला नावानं हाक मारत होती. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. 

“सिदू!” 

मी बजरंगचा दंड धरला. 

“सिदूऽऽ!” 

आणि ओ आली.

ती कोणाची, यावर गावात अजून वाद आहे. कोणी म्हणतं बजरंगनंच दिली. त्याचा दंड माझ्या हातात होता, तोंड मिटलेलं होतं, शपथ घ्यायला तयार आहे मी. कोणी म्हणतं शाळेच्या भिंतीवरून आवाज परतला. भिंत आपलाच शब्द परत देते, ओ देत नाही. मला ती नदीकडच्या अंगानं आली, दमलेल्या माणसानं द्यावी तशी, एकच.

आत्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला. मग एक पाऊल बाजूला झाल्या, वाट द्यावी तशा. आणि चालायला लागल्या. त्यांच्या पुढं दोन हात जागा मोकळी होती. ती जागा थांबली की आत्या थांबायच्या, ती चालली की चालायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्यामागं चालतात तशाच. समोरची माणसं मागं न बघताच बाजूला होत गेली. नव्या गावात, फक्कीनं आखलेल्या आमच्या मोकळ्या कोपऱ्यावर आल्यावर आत्या उभ्या राहिल्या. खाली बसून त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं.

अर्जुनराव मोठे हुशार. माईकवर घसा खाकरून म्हणाले, “ह्या चौकाला आपन सिदूभाऊंचं नाव देऊ.” टाळ्या पडल्या, थोड्याच.

आत्या उठल्या, बजरंगजवळ आल्या. चेहरा कोरडा होता. “उद्या न्हाव्याला सांगून ठिव,” त्या म्हणाल्या. “डोस्कं करून घे. भटजीलाबी इचार, पुतळ्याला काय लागतं ते. आन साहेबाला काय सांगायचं ते मी सांगते.”

हेच ऐकायला बजरंग किती वर्षं घरात आदळआपट करत होता. आता तो त्या कोपऱ्याकडं बघत होता. बावन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि खालचा ओठ लहान पोरासारखा वाकडा झालेला.

“माय, आत्ता तर आला गं त्यो,” तो म्हणाला. “दोन दिस तर ऱ्हाऊ दे.”

आत्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

“पन्नास साल दारात हुबे हुते, लेकरा. दमलेत. जाऊ दे त्यान्ला.”