कोठार म्हणून दाखवलेली खोली

लॉर्ना स्टेफान्यूकने पुठ्ठ्याची गोल चकती पुन्हा एकदा फिरवून पाहिली. चकतीवर किती हवा वाहून न्यायची ते लावलं की डक्ट, म्हणजे हवा नेणारा पत्र्याचा नळ, केवढा लागेल ते निघतं. विनिपेगमधल्या त्या पत्र्याच्या कारखान्यात ती कित्येक वर्षं असेच हिशेब करून भाव काढत आली होती. चकती बरोबर होती. नकाशाच विचित्र होता.

वृद्धाश्रमाच्या त्या नकाशात दहा बाय बारा फुटांची एक खोली होती, नाव ‘कोठार’. चादरी ठेवायच्या खोलीला नावापुरती हवा पुरते. इथे मात्र चौदा इंची डक्ट, थेट छपरावर, वेगळ्या पंख्यासकट. एवढ्या डक्टमधून लहानशा हॉटेलच्या भटारखान्याचा धूर निघून गेला असता.

"चादरींना फारच वास येत असेल," मालक गार्थ म्हणाला. "नकाशात काढलंय तेवढ्याचा भाव दे आणि मोकळी हो."

तिने आश्रमाच्या व्यवस्थापकाला, गार्नेट प्रूडनला, फोन लावला.

"कोठारात काय ठेवणार आहात?"

"सामान."

"कसलं?"

"बाई, तुम्ही पत्र्याचा भाव द्या. सामानाचं आम्ही बघून घेऊ."

फोन ठेवला, पण तिचं मन काही थाऱ्यावर येईना. तिची आई अशाच एका आश्रमात वारली होती. दंडावरचे वळ दिसले तेव्हा ‘बाथरूममध्ये पडल्या’ असं तिथल्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं, आणि लॉर्नाने ते ऐकून घेतलं होतं. आता तिला ती खोली डोळ्यांपुढे दिसू लागली. बंद दार, आतला वास बाहेर येऊ नये म्हणून घरघरणारा पंखा. आत कोणाला ठेवणार होते?

छपराचं माप घ्यायचंय असं सांगून ती दुसऱ्या दिवशी तिथे गेली. प्रूडन तिच्या पाठोपाठ सावलीसारखा फिरत होता. त्या खोलीपाशी तर तो दारातच उभा राहिला.

"आत काही नाही बघण्यासारखं."

"मग बघू द्या ना."

तो हसला, पण हलला नाही.

छपरावर चढून तिने मागच्या बाजूला वाकून पाहिलं. उणे अठ्ठावीसच्या थंडीत, गाड्या लावायच्या जागेत, तीन म्हाताऱ्या चाकांच्या खुर्च्यांवर घोंगड्या पांघरून बसल्या होत्या. शिडी कशीबशी उतरून ती तिकडे धावली. प्रूडन मागोमाग आलाच.

"यांना बाहेर कोणी काढलं?" ती कडाडली.

"आम्हीच आलो गं," मधली म्हातारी म्हणाली. तिच्या मांडीवर एक शिंपला होता, त्यात सेज नावाच्या सुगंधी झुडपाची सुकी पानं धुमसत होती. ओंजळीने धूर डोक्यावरून, छातीवरून ओढून घेत तिने धुरी पुरी केली, मगच मान वर केली. "आत पेटवलं की घंटा वाजते आणि अग्निशमनची गाडी येते. तू कोण?"

"हवेचे डक्ट बसवणारी."

"मग आमची खोली तूच करतेयस."

लॉर्नाने प्रूडनकडे पाहिलं. तो बुटाने बर्फ उकरत होता.

"धुरीसाठी खोली मागितली, टोरांटोच्या मुख्य कार्यालयाने दोनदा नाही म्हटलं," तो पुटपुटला. "कोठार म्हटलं की दुरुस्तीत खपून जातं. तुम्ही बोलला नाहीत तर."

"कोठार?" म्हातारी म्हणाली. तिचं नाव ॲग्नेस स्पेन्स. "गार्नेट, तू आम्हाला कोठारात बसवणार होतास?"

"आजी, नावात काय आहे..."

"आम्हा आदिवासींच्या विधींवर बंदी होती तेव्हा माझ्या आजीने पडदे ओढून, कायद्याला भिऊन धुरी घेतली. मी नाही घेणार तशी."

लॉर्ना आपल्या संशयाने शरमली होती, तरी चुका काढायची तिची खोड जाईना.

"आणखी एक आहे. नकाशात हवा नुसती बाहेर ओढलीय, आत सोडलेलीच नाही. दार बाहेर उघडतं. पंखा लागला की दार घट्ट बसेल. आतून यांना ढकलता यायचं नाही."

"ऐकलंस?" ॲग्नेसआजी म्हणाल्या. "खरं नाव लिही. दाराचंही लिही."

प्रूडनने लिहिलं. मुख्य कार्यालयाने वसंत ऋतू सरेपर्यंत लटकवून ठेवलं, मग होकार दिला. काम मात्र दुसऱ्या कारखान्याला गेलं. आधीची ‘कोठारा’ची लपवाछपवीही वर कळली होती, आणि ती चुगली लॉर्नानेच केली, असं प्रूडनच्या डोक्यात बसलं होतं. तिने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

उन्हाळ्यात फोन आला तो ॲग्नेसआजींचा. लॉर्ना गेली. दारावर मोठ्या अक्षरांत ‘धुरीची खोली’ असं लिहिलं होतं. आत पंखा चालू होता, आजी धुराच्या पलीकडे बसल्या होत्या. बसायच्या आधी लॉर्नाने दार लावून घेतलं आणि एका बोटाने आतून ढकलून पाहिलं.

"अजून संशय?" आजींनी विचारलं.

"दुसऱ्याच्या कामाचा असतोच," ती म्हणाली.

दार अलगद उघडलं. बाहेर प्रूडन उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, पुढच्या म्हातारीची खुर्ची आत लोटली, आणि पाठ फिरवून निघून गेला.