सोलापुरात दिसलेला कोंडाजी

"आला! आला!" करत अख्खी वाडी टेकडीवर हात जोडून उभी राहिली. दिवेलागणीच्या आभाळात पश्चिमेकडून एक जाळ निघाला, त्याचे तुकडे झाले आणि ते पूर्वेकडे जाऊन विझले. मीही श्वास रोखून पाहत होतो. दृश्य होतंच तसं.

हौशीराम महाराज गरजले, "कोंडाजी सुटला! अग्निरथात बसून गेला!"

हे महाराज परवापरवापर्यंत लोणावळ्याच्या पॉइंटवर पर्यटकांना दुर्बिणीतून किल्ले दाखवायचे. गेल्या वर्षी कोंडाजी वारला, तेव्हा दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. ते त्याच्या बायकोला, लीलाबाईंना, लागून राहिलं होतं. महाराजांनी नेमकं तेच धरलं आणि या सोमवारी रात्री सांगितलं, "जीव वर अडकलाय. मंगळवार ते गुरुवार, तीन संध्याकाळी बसा, सोडवतो." बदल्यात लीलाबाईंचं एकुलतं एक भातखाचर मठाला. सही शुक्रवारी, वडगावला. मंगळवारी काहीच दिसलं नाही, तर खापर माझ्यावर: "मास्तरांनी शंका घेतली!"

आज बुधवार. मी खिशातला सोमवारचा पेपर काढला.

"वहिनी, ऐका. 'निकामी उपग्रह मंगळवार ते गुरुवारदरम्यान कोसळणार.' जुनं यंत्र वेगानं हवेत शिरलं की तापतं, जळतं, तुटतं. नक्की वेळ इतकी आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर महाराजांना तीन संध्याकाळी लागल्या."

"पाखंडी!" महाराज ओरडले.

एवढ्यात माझा फोन वाजला. सोलापूरची भाची, अनुष्का. मी स्पीकर लावला.

"मामा, जाळ बघितलात? इथं सगळी गल्ली गच्चीवर आहे!"

"कोंडाजी जन्मात कामशेतच्या बाजारापलीकडे गेला नाही," मी म्हणालो. "तो सोलापूरला कशाला जाईल?"

लोक हसले, महाराज शाल सावरत उतरणीला लागले. हळूहळू टेकडी रिकामी झाली. लीलाबाई मात्र तिथंच बसून होत्या.

"मग कावळा का न्हाई शिवला, मास्तर?"

"त्या दिवशी खाली दोन लग्नं होती, वहिनी. कावळे तिकडं जेवत होते."

त्या हसल्या. "ह्येंनी बी त्येच केलं असतं." मग पदर डोळ्यांना लावला. "शेत वाचलं, व्हय. पन रोज सांच्याला त्यो म्हाराजच येऊन बसायचा. ह्येंचं इचारायचा. आता कोन यील?"

माझं घर त्यांच्यापासून चाळीस पावलांवर. मीही एकटाच; रोज संध्याकाळी दार लावून पेपर वाचतो. वर्षभरात एकदाही गेलो नव्हतो. लाज वाटली.

चमत्कार दिसला की आधी विचारा, हा आणखी कुठं दिसला? आणि एखाद्या घरात बुवा बसलेला दिसला, तर स्वतःला विचारा, त्याच्याआधी आपण तिथं का गेलो नाही?

"वहिनी," मी म्हणालो, "चहा टाकता का?"