एका शर्टाचा एप्रन

शर्टाला सात बटणं होती. सहा बटणांचा दोरा शर्टाच्याच फिकट निळ्या रंगाचा, टाके समांतर. वरून चौथं बटण मात्र गडद निळ्या दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यानं लावलेलं. त्याच्याखाली दोऱ्याची मान जरा लांब राहिली होती, साधारण तीन मिलिमीटर. मी वहीत लिहिलं : बटणं सात, एक पुन्हा लावलेलं. डावं कोपर विरळ. कॉलरची घडी झिजलेली. खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग, मसुराएवढा, जुना. पाठीचं कापड उत्तम.

"झाली का तपासणी, मोजपट्टी?" सासूबाईंनी मशीनला तेल देता देता विचारलं.

"झाली. पाठ वापरता येईल."

"पाठच वापरायची असते. पुढचं सगळं माणूस झिजवतो."

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माझा नवरा गेला त्याला चौदा महिने झाले होते, आणि तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुन्या कपड्यांचं दुकान आहे. तिथल्या बाई पोत्यानं माल घेतात. जो विकला जात नाही तो आमच्याकडे येतो आणि पिशवी, उशीचा अभ्रा, पायपुसणं होऊन परत जातो. एकदा त्या बाई म्हणाल्या, "लोक विचारतात, हे घरी कसं करायचं. कागदावर लिहून द्या ना, भिंतीला लावते." तेव्हापासून सासूबाई करतात आणि मी लिहिते. जीन पँटच्या पायाची बाटली ठेवायची पिशवी, वेळ वीस मिनिटं. चादरीच्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणं, दोन संध्याकाळी. लोकरीचा स्वेटर मुद्दाम गरम पाण्यात आटवून त्याचं गरम पाण्याच्या पिशवीला कव्हर. आटलेली लोकर कापली तरी उसवत नाही. हे कारणही मी कागदावर लिहिलं होतं. दुकानवाल्या बाईंनी तेवढी ओळ कात्रीनं कापून टाकली.

शर्ट आठ दिवस मशीनशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर होता. सासूबाई काम टाकून ठेवणाऱ्या नव्हेत. मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी कुणालाच फारसं काही विचारत नव्हते.

न विचारलेल्या, न सांगितलेल्या गोष्टींत एक मोठी होती. सासूबाईंनी कुठे राहायचं. आठ महिन्यांपूर्वी माझे दीर म्हणाले होते, "वहिनी, आईला मी घेऊन जातो. तुम्हालाही तुमचं आयुष्य आहे." त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मन मोठं होतं, घर नव्हतं. मी म्हटलं, बघू. त्यांनी आईला विचारलं, तर त्या म्हणाल्या, ती म्हणेल तसं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी ते मला फोनवर विचारत आणि मी बघू म्हणत असे.

मला वेळकाढूपणा करायचा नव्हता. प्रयोगशाळेत उपकरणावरचा आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही नोंद करत नाही. मी तशीच थांबले होते. त्या राहाव्यात असं वाटेल, किंवा जाव्यात असं तरी वाटेल, मग सांगू. आकडा शून्य होता आणि शून्यावर अगदी स्थिर होता. मी धरून चालले की उपकरण बंद पडलंय.

मग त्या आठवड्यात दिरांचा फोन आला. "मुलीला आता स्वतंत्र खोली हवी म्हणते. द्यायची तर या महिन्यात देतो. आई येणार असेल तर नाही देत. मी रविवारी येतो. वहिनी, रविवारी मात्र बघू म्हणू नका."

मी सासूबाईंना सांगितलं. "भाऊजी येतायत रविवारी."

"खोलीचं ना? त्यानं मलाही सांगितलं." त्यांनी खुर्चीवरचा शर्ट उचलला. "काही ठरवलंस?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि बटणं उसवायला घेतली.

त्यांची रीत ठरलेली. आधी बटणं काढून एका दोऱ्यात ओवायची, म्हणजे संच फुटत नाही. मग कपडा खिडकीशी धरायचा. जिथून उजेड जास्त येतो तिथे खडूनं गोल करायचा. ते कापड मेलं. उरलेल्यातून कापायचं. त्या दिवशी त्यांनी शर्ट खिडकीशी बराच वेळ धरला. नंतर मेजावर पसरला आणि कात्री चालवली. पाठीचा एक सलग तुकडा, वरच्या बाजूला निमुळता. बाह्यांच्या पट्ट्या काढून बंद. खिसा उसवून पुढे मधोमध.

"लिही. कड दुमडायची थोडी आणि शिवायची."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे थोडी."

"आई, लोक वाचून करणार आहेत."

"मग असं लिही की पहिला बिघडेल."

मी पट्टी लावली. एक सेंटिमीटर, दोनदा दुमडून. लिहिलं : एका शर्टाचा एप्रन. वेळ चाळीस मिनिटं. एवढं होऊनही त्यांनी तो दुकानात पाठवला नाही. स्वतःच बांधला आणि कामाला लागल्या.

रविवारी दीर सकाळी अकराला आले. येताना सासूबाईंसाठी मऊ चपला आणल्या होत्या. चौथ्या मजल्याच्या जिन्याला बऱ्या पडतील म्हणून. खुर्चीत बसले, पाणी घेतलं आणि पेला तोंडाशी नेता नेता थांबले.

"आई, हा दादाचा शर्ट."

सासूबाई मशीनपाशी दोरा ओवत होत्या. "हो."

"मी मुलाखतीला मागून नेला होता. खिशात पेन फुटलं. दादा आठवडाभर बोलला नाही माझ्याशी." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, मीच तर दादाच्या कपड्यांची पोती त्या टोकाच्या दुकानात दिली होती. तुम्हाला बघवत नाहीत म्हणून घरातून नेली. तुम्ही परत आणून कापलात?"

"मी ओळखला नाही," मी म्हटलं.

मी एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. मसुराएवढा डाग. माझी नोंद बरोबर होती.

"ओळखला नाही म्हणजे?"

"तिला काय विचारतोस?" सासूबाई म्हणाल्या. "कोपरापासून कॉलरपर्यंत सगळं मोजलंय तिनं. मोजण्यात ओळखायचं राहून गेलं."

"तू तरी ओळखलास ना?"

"पोत्यातून निघाला तेव्हाच. चौथं बटण हिनंच लावलेलं. तो दारात उभा, घाई चाललेली, शर्ट अंगात, आणि ही सुई घेऊन वाकलेली. मी म्हणत होते, अगं टोचशील."

मला ती सकाळ आठवली. त्याचं पोट आत ओढलेलं, सुईला घाबरून. आठवली, एवढंच. एखादं जुनं निरीक्षण वहीत सापडावं तशी.

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू बोलशील म्हणून आठ दिवस ठेवला खुर्चीवर. रोज शेजारून जात होतीस. मग म्हटलं, सांगून काय होणार? कपाटात जाईल आणि आपण दोघी कपाटाकडे बघत बसू." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मला वाटलं, कापताना हात थरथरेल. नाही थरथरला. काहीच वाटलं नाही मला. कापड चांगलं होतं. म्हटलं, माझ्या अंगाला लागू दे."

"काहीच नाही?" दिरांनी विचारलं.

"तू वर्षातून चार वेळा येतोस, तुला येतं रडू. आम्हाला रोजचं आहे ते."

दीर चपलांच्या डब्याचं झाकण लावत राहिले. रागावले नव्हते, थकले होते. मी सासूबाईंकडे बघत होते. चौदा महिने एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं की शून्य फक्त माझ्याकडेच नाही. त्यांच्याकडेही तोच आकडा होता, आणि तरी त्यांनी खडूनं खुणा केल्या होत्या, कात्री घेतली होती, चाळीस मिनिटांत शिलाई संपवली होती.

"मशीनचं मी बघितलंय," दीर हळू म्हणाले. "गॅलरीत मावेल. वर पत्रा टाकून देतो."

"मावेल," सासूबाई म्हणाल्या. "मी त्याच्यापुढे बसले की दार उघडणार नाही, एवढंच."

दीर हसले नाहीत. "वहिनी, मला आज उत्तर हवंय. हो किंवा नाही. मी कशालाच वाईट म्हणणार नाही."

"मी चहा टाकते," म्हणून सासूबाई उठल्या. एप्रनच्या बंदांची गाठ मागे सैल झाली होती. त्या ती चाचपडत स्वयंपाकघराकडे निघाल्या, नेहमीपेक्षा भरभर. त्यांना ऐकायचं नव्हतं. उत्तर कुठलंही असलं तरी त्यांना ते आपल्यामागे बोललं जायला हवं होतं.

"आई, थांबा," मी म्हटलं. "चहा नंतर. इथे बसा."

त्या बसल्या. हात मांडीवर ठेवले.

मी एकदा आत बघितलं. आकडा हलला नव्हता.

"भाऊजी, मला सध्या कशाचंच काही वाटत नाही," मी म्हटलं. "कधी वाटेल, तेही माहीत नाही. म्हणून इतके दिवस सांगितलं नाही. पण खोली तुमच्या मुलीला द्या. आई इथेच राहतील. माझ्याकडे."