मार्चपर्यंतचं चीज

चीजचा डबा घरात आला तो ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी. समोरच्या रुमेना काकूंच्या भाच्यानं तो गावाकडच्या डेअरीतून आणला, लिफ्ट बंद म्हणून खांद्यावरून वर चढवला आणि बाल्कनीत टेकवला. पत्र्याचा, चौकोनी, चीज टिकावं म्हणून खाऱ्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. दॉन्का भिंतीला धरत धरत तो बघायला बाल्कनीपर्यंत गेली. एवढं ती कित्येक महिन्यांत चालली नव्हती.

"झालं," ती लेकीला म्हणाली. "आता मार्चपर्यंत दुकानाचं नाव काढायचं नाही."

"दही तर लागेलच ना, आई," नेव्हेना म्हणाली.

"लागलं तर महिन्यातून एकदा. तू जातेस दह्याला आणि येतेस बिस्किटं, कॉफी न् कसलं तरी मासिक घेऊन. दुकानात पाय टाकला की पाकिटाला भोक पडतं. आणि काय गं, दह्याला लिपस्टिक कशाला लागते?"

"थंडीनं ओठ फुटतात."

"मग लोणी लाव." दॉन्का थांबली. "नको. लोणी महागलंय."

दोघी हसल्या. आईचं काही चुकत नव्हतं, हीच नेव्हेनाची पंचाईत होती. आईची पेन्शन आणि नेव्हेना सोफियाच्या एका प्रकाशकासाठी तपासत असलेली प्रुफं, एवढ्यावर दोघींना बल्गेरियातल्या विदिन गावचा हिवाळा काढायचा होता. घटस्फोटानंतर ती माहेरी आली ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, आणि हळूहळू तिला बाहेर पडायला एक दुकान तेवढं उरलं. चीजच्या काउंटरवर मिल्का असायची. सुरी पुसत पुसत ती नवऱ्याची, जावेची, डॅन्यूब नदीवरच्या धुक्याची गाऱ्हाणी सांगायची आणि नेव्हेनाला विचारायची, "तुझं काय नवीन?" नवीन काही नसायचं, पण कुणीतरी विचारायचं. नेव्हेना मुद्दाम लहानसा तुकडा घ्यायची, लवकर संपावा म्हणून.

डबा आला त्या रात्री तिनं आईच्या पायांना तेल चोळलं, दिवा मालवला. सकाळी दॉन्का उठली नाही.

अंत्यविधी झाला, माणसं आली नि गेली. मग घर आणि तळघर नेव्हेनावर सोपवून सगळे आपापल्या कामाला लागले. तळघरात भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या होत्या, टोमॅटोची चटणी होती, आंबवलेल्या कोबीचं पिंप होतं, घेवडा होता, पीठ होतं. ती कोट चढवायची, दारापर्यंत जायची, काय संपलंय ते आठवायला लागायची. काहीच संपलेलं नसायचं. दही लागायचं ते आईलाच. कोट परत खुंटीला. कामाशिवाय दुकानात जाऊन नुसतं उभं राहावं, असंही एकदा मनात आलं. पण मिल्कानं "काय देऊ?" म्हटलं तर काय सांगायचं? आई जिवंत असताना निदान तिच्याशी वाद घालता यायचा.

चीज टाकून द्यायला हात धजावत नव्हता. टंचाईत रांगा लावलेल्या बाईची ती लेक होती.

चाळिसावा दिवस डिसेंबरात आला. त्या दिवशी मृताच्या नावानं शेजाऱ्यापाजाऱ्यांत अन्न वाटतात. नेव्हेनाला एकदम वाट सापडल्यासारखं झालं. तिनं शिजवलेल्या गव्हावर साखर भुरभुरली, पाव कापला, मिरच्या काढल्या आणि डब्यातलं चीज मोठमोठ्या तुकड्यांनी ताटात रचलं. जिन्यावरच्या सगळ्या घरांत वाटून संपवायचं. मग दुकानात जावंच लागेल.

पहिलं दार समोरचंच. रुमेना काकूंनी ताट बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बये, नाताळच्या आधीचा उपास चाललाय की, दूधदुभतं वर्ज्य. मेलेल्या माणसाच्या नावानं उपासात चीज वाटतात का? एवढी जाडजाड पुस्तकं वाचतेस, भिंतीवरचं कॅलेंडर नाही वाचत?"

"लक्षातच आलं नाही, काकू."

"दॉन्का असती तर काठी घेऊन उठली असती." त्यांनी गहू, पाव, मिरची घेतली, "देव तिला क्षमा करो" असं म्हणाल्या आणि चीज ताटात तसंच ठेवून ताट तिच्याकडे सरकवलं. "हे घरी ठेव. खाऱ्या पाण्यात त्याला काय होतंय. केवढी दूरदृष्टी बाईची, बघ. मार्चपर्यंत तुला दुकानाचं तोंड बघायला नको."

नेव्हेना वळली. तिच्या स्वतःच्या दारावर सकाळीच चिकटवलेला चाळिसाव्याचा श्रद्धांजलीचा कागद होता. काळी चौकट, आईचा फोटो, पासपोर्टसाठी काढलेला, म्हणून जरा रागावलेला. काकू अजून उंबऱ्यातच उभ्या होत्या. ताट जड झालं होतं.

"आई," ती म्हणाली, रोज बोलायची त्याच आवाजात, "मी दुकानात चीजसाठी जात नव्हते. मला माणसं बघायची असायची. तुझ्याजवळ बसून बसून माझा जीव गुदमरायचा. आणि तुला सोडून कुठं जायचंही नसायचं मला."