कोतवालाची लघवी

सकाळपासून चौथ्यांदा बोका वाळूच्या घमेल्यात जाऊन बसला, तेव्हा टेलरमास्तरांच्या हातातली कात्री थांबली. अंग आखडून, शेपटी ताठ करून तो बराच वेळ बसला, मग घशातून बारीक आवाज काढत बाजूला झाला. मास्तरांनी वाकून पाहिलं. वाळू कोरडी ठाक.

बोक्याचं नाव कोतवाल. कापडाच्या ताग्यांवर लोळायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला नजरेनंच जाब विचारायचा, एवढंच त्याचं काम. आज तो मशीनखाली तोंड लपवून बसला होता.

"पोट साफ नसेल, बाबा. चमचाभर तेल पाजा," काजं करता करता सून म्हणाली.

"पोट नाही. कालपासून त्याला लघवीच झालेली नाही."

बोलताना मास्तरांचा हात नकळत स्वतःच्या पट्ट्याकडे गेला. का, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सुनेला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. अर्धवट कापलेला कोट तसाच टाकून त्यांनी बोक्याला टोपलीत घातलं आणि सुनेला घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बोक्याचं पोट चाचपलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मूत्राशय दगडासारखं झालंय. अंगही गार पडलंय."

"म्हणजे काय हो?" मास्तरांनी विचारलं.

"मूत्रपिंडं रक्तातली घाण गाळून पाण्याबरोबर बाहेर टाकतात. याची वाट खड्यांनी बंद झालीय. बाहेर जायचं ते रक्तात साचत चाललंय. फार साचलं की हृदयच थांबतं."

"किती वेळात?"

"संध्याकाळी आणला असतात, तर मी काही करू शकले नसते."

बाई नळी घालायच्या तयारीला लागल्या. त्यांच्या मदतनीस मुलीनं बोक्याला गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये ठेवलं आणि सलाईन लावलं. मास्तर हळूच उठले आणि संडासात जाऊन कडी लावून उभे राहिले. नळ सोडून पाहिला, डोळे मिटून पाहिले. काही उपयोग झाला नाही. दोन महिने थेंब थेंब चाललं होतं. सारखं उठावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. आज पहाटेपासून तर तेवढंही नाही. त्यांनी पट्ट्याखाली हात लावला. ओटीपोट टणक लागलं.

त्यांचे थोरले भाऊ याच दुखण्यानं इस्पितळात गेले होते. ते परत आले नव्हते.

मास्तर बाहेर आले तेव्हा नळीतून लालसर लघवी पिशवीत उतरत होती. बोका निपचित पडला होता, पण त्याचं पोट वरखाली होत होतं. मास्तरांनी टेबलाची कड धरली.

"बाई, माझंही असंच अडलंय."

सून कानकोंडी झाली, मग तिचा चेहराच उतरला.

"कधीपासून?" बाईंनी हातमोजे काढत विचारलं.

"आज पहाटेपासून अजिबात नाही."

"मी जनावरांची डॉक्टर, मास्तर. तुम्हाला हात लावणार नाही. पण आत्ता, याच पावली इस्पितळात जा. घरी जाऊन कपडेबिपडे बदलत बसू नका. बोक्याचं मी बघते."

गाडीत सून म्हणाली, "बोक्याचं एका दिवसात ओळखलंत. आणि स्वतःचं?"

"स्वतःचंही ओळखलं होतं गं. घाबरलो होतो."

तिनं त्यांचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

इस्पितळात नळी घातली, तसं पोट उतरलं आणि मास्तरांना लाज सोडून रडू आलं. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडांवर ताण आलाय, पण सावरतील. प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीची वाट दाबतेय, तिचं ऑपरेशन मात्र करावं लागेल."

तिसऱ्या दिवशी बोका घरी आला. मास्तर अजून इस्पितळातल्या खाटेवरच होते. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर दाराशी आलं, तेव्हा त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"शुद्धीवर येईपर्यंत जाऊ नकोस हं."

"इथंच बसलेय, बाबा," ती म्हणाली आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत त्यांच्या बाजूनं चालत गेली.